शॉवर टेस्टमध्ये पास झालेली नाव

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी पवना धरणाच्या पाण्यात विजेवर चालणारी एक नाव उतरवण्यात आली. ती बुडाली. नावेत चौघे होते. पाणी कमरेएवढं होतं, त्यामुळे चौघेही चालत काठावर आले.

नाव माझ्या शेजाऱ्यांची होती. शेजारी मोटारींच्या कारखान्यातून उत्पादन व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. खंडाळ्यात बंगला आणि धरणाकाठच्या गावात वडिलोपार्जित जमीन. जमीन थोरला भाऊ कसतो. बंगल्याच्या उतारावर नाव बांधायला जागा नव्हती, म्हणून दिवाळीनंतर भावाचा गोठा मागून घेतला. नावेचा सांगाडा आत मावावा यासाठी गोठ्यातली दगडी गव्हाण फोडली. म्हशी आंब्याखाली गेल्या. त्यांतली एक गाभण होती. ती विण्याआधी, म्हणजे पावसाच्या आत, गोठा मोकळा करून द्यायचा असं ठरलं होतं.

ही अट थोरल्या वहिनींची होती आणि त्या तिची आठवण देत असत.

"भावजी, माजी म्हैस ज्येष्ठात विणार. तुमची नाव कवा विणार?"

"वहिनी, याची एक प्रक्रिया असते."

"म्हशीची बी असती. ती बैठकीसाठी थांबत न्हाई."

बैठका रविवारी खंडाळ्याला होत. शेजाऱ्यांचे तीन जुने सहकारी तळेगावहून येत. चौघांची मिळून मोटार बनवण्याची कारकीर्द शंभर वर्षांच्या पुढे भरत असावी. नाव कुणीच बनवली नव्हती. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला. पत्रकाराला चौकशीची सवय असते, या कारणाने तांत्रिक प्रश्न माझ्याकडे सोपवले गेले. चौघे बसल्यावर नाव किती बुडेल, हा पहिला प्रश्न. कोकणातल्या नाव बांधणाऱ्यांना फोन केले, पुस्तकं मागवली, वजनांची बेरीज मांडली. उत्तर निघालं वीतभर. ते एकमताने मंजूर झालं. नंतरचे तीन रविवार चहाचा कप ठेवायची खाच डावीकडे असावी की उजवीकडे, यात गेले.

बॅटरी तळाशी बसवली. मोटारीच्या चार खुर्च्या सीटबेल्टसकट आल्या, समोर दिवे-आकडे दाखवणारा मोठा पडदा आला. त्यातली प्रणाली एका सहकाऱ्याने विजेच्या मोटारीसाठी तयार केली होती. तीच थोडी बदलून घेतली. दुसरे सहकारी आयुष्यभर मोटारीचा सांगाडा बनवण्याच्या विभागात होते. मोटारीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रं ठेवतात आणि ती पुढे रबरी बुचांनी बंद करतात. त्यांनी नावेच्या तळालाही तशी दोन छिद्रं काढली. "नाहीतर पावसाचं पाणी आत साचेल," ते म्हणाले. हरकत कुणी घेतली नाही. बूच कोणतं, हा प्रश्न माझ्याकडे आला. मी तीन प्रकार शोधून आणले. निर्णय शॉवर टेस्टनंतर घेऊ, असं ठरलं.

शॉवर टेस्ट म्हणजे तयार मोटार फवाऱ्याखाली उभी करायची आणि आत पाणी शिरतं का ते पाहायचं. कारखान्यात ही चाचणी पार केल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. गोठ्याच्या आढ्याला कांद्याच्या शेतातले तुषार सिंचनाचे पाइप बांधले आणि पंप सुरू केला. नाव बराच वेळ भिजली. नंतर दोघांनी टॉर्च घेऊन आतला तळ टिश्यू पेपरने टिपून पाहिला. कोरडा. टाळ्या वाजल्या.

मी बुचाचं विचारलं.

"आत पाणीच राहत नाही, तर बूच कशाला?" शेजारी म्हणाले. माझा प्रश्न निकाली निघाला.

उतरवण्याच्या दिवशी वहिनींनी नावेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि कलशातलं पाणी आत शिंपडलं. ते छिद्रातून खाली मातीत टपकलं. सांगाडा विभागातल्या त्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना ते वाकून दाखवलं. "बघा, थेंब राहिला नाही."

मे असल्याने पाणी लांब गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाव नेली. चौघे बसले, मोटर सुरू झाली. पडद्यावर सगळे दिवे हिरवे. थोड्याच वेळात चौघेही पायांकडे पाहू लागले. कुणाची तरी बाटली सांडली असावी, असा पहिला अंदाज आला. दुसरा अंदाज येईपर्यंत बॅटरीचं झाकण पाण्याखाली होतं. चौघे पट्टे सोडून उठून उभे राहिले, तशी नाव मोठ्याने बीप बीप करू लागली.

"आरं, ती कशापायी वरडतिया?" थोरल्या भावाने काठावरून विचारलं.

"दादा, सीटबेल्ट लावा म्हणतेय!"

"मंग लाव की!"

ट्रॅक्टरने नाव ओढून काढली. काठावर आल्यावर दोन्ही छिद्रांतून पाण्याच्या जाड धारा लागल्या आणि आतलं पाणी गेलं. दुपारी आंब्याखाली, ओल्या कपड्यांतच, कारणमीमांसेची बैठक झाली. कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारण्यात आला. निष्कर्ष असा निघाला की चाचणी योग्य होती, पाण्याची दिशा वेगळी होती. दुसरी नाव बांधायला घ्यावी, असंही कुणीतरी सुचवलं. त्यासाठी गोठा आणखी वर्षभर लागणार होता.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

"दिशा ऱ्हाऊ द्या, भावजी. माजी गव्हाण कुटंय?"

शेजारी म्हणाले, "बांधून देतो, वहिनी."

"कवा? तुमच्या प्रक्रियेनं?"

थोरला भाऊ हसला. बाकीच्यांनी चहा घेतला. वहिनींनी नावेभोवती एक चक्कर मारली, तिच्या काठाची उंची हाताने पाहिली आणि नवऱ्याला ट्रॅक्टर सुरू करायला सांगितलं.

खुर्च्या, बॅटरी आणि पडदा त्याच संध्याकाळी काढले. ते खंडाळ्याच्या बंगल्यात आहेत. नाव गोठ्यात जुन्या गव्हाणीच्या जागी, दगडांचा टेकू देऊन पक्की बसवली आहे. म्हैस ज्येष्ठात छपराखाली व्याली. नावेच्या पुढच्या भागात कडबा घालतात, मागच्या भागात पेंड. कप ठेवायच्या खाचेत मिठाचा खडा असतो. छिद्रांना बूच बसवलेलं नाही. वहिनी रोज सकाळी पाइप लावून नाव धुतात. पाणी निघून जातं.