नफीसामावशीचं मत

आमच्या बेटावर पक्ष आले तेव्हा पहिली अडचण अशी झाली की भांडायचं कुणाशी, सगळेच एकमेकांचे सोयरे. मग सोयऱ्यांनीच ती अडचण दूर केली. चहाच्या एका टपरीच्या दोन झाल्या, एका पक्षाची जांभळी, दुसऱ्याची हिरवी. नमाजालाही माणसं शेजारी कोण उभा आहे ते बघून रांग धरू लागली. लोकशाही आली म्हणतात, ती आमच्याकडे अशी आली.

माझ्या शेजारणीच्या, नफीसामावशीच्या घरात तर ती थेट चुलीपर्यंत गेली. तिचा थोरला निझाम जांभळा, धाकटा शफीग हिरवा. मासेमारीची होडी दोघांत एक, तीही वाळूवर ओढून ठेवलेली. एकाने सुकाणू धरलं की दुसरा होडीत पाय ठेवायचा नाही. जेवायला मात्र दोघांना आईच लागायची. निझाम दुपारी यायचा, शफीग संध्याकाळी, आणि मावशी ट्यूनाचं पातळ कालवण दोनदा उकळायची. दारात भावाच्या चपला दिसल्या की आलेला उपाशी परत फिरायचा. दोघांना एका चटईवर जेवताना बघितलं की मी मरायला मोकळी, असं ती म्हणायची. मला तिची कीव यायची आणि त्या दोन घोड्यांचा संताप.

मतदान जवळ आलं तसं पोरांना आईचं प्रेम फुटलं. एकाने अंगण झाडून दिलं, दुसऱ्याने छपराचा पत्रा बदलला. मावशीने आजवर मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाचं एकच नाव पाहिलेलं, त्याला 'हो' म्हणायचं आणि घरी यायचं. तिने मत मागणाऱ्या दोन्ही पोरांनाही 'हो रे बाळा' म्हणून टाकलं. मी तिला तोंडावर सुनावलं, ही लबाडी झाली.

"लबाडी कसली गं?" ती म्हणाली. "दोघांना हो म्हटलंय, दोघांना देईन."

मला वाटलं, थट्टा करतेय.

मतदान शाळेत झालं, मोजणीही तिथेच. खिडक्यांना अख्खं बेट लोंबकळत होतं. अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवत होता. मध्येच एक निघाली, दोन्ही नावांपुढे खूण केलेली, आणि तीही पोरीने पाटीवर गिरवावी तशी ठसठशीत. अधिकाऱ्याने ती बाद म्हणून बाजूला ठेवली.

"बाद कशी?" खिडकीतून मावशी म्हणाली. "माझी आहे ती. नीट बघा, दोन्ही खुणा सारख्याच काढल्यात."

बेट हसून हसून लोळलं. निझाम आणि शफीग दोन वेगळ्या खिडक्यांवरून खाली उतरले. निवडून कोण आलं ते विचारू नका. जो आला तो राजधानीला गेला आणि तिकडचाच झाला.

मी घरी पोचले तोवर दोघे भाऊ मावशीच्या घरात शिरले होते. मी भिंतीला कान लावला.

"एक वेळ याच्या माणसाला दिलं असतंस तरी चाललं असतं," निझाम म्हणत होता. "पण वाया काय घालवलंस, आई?"

"बरोबर बोलतोय दादा," शफीग म्हणाला. "कुणा एकालाच द्यायचं असतं."

मग दोघं मिळून तिला लोकशाही शिकवू लागले. एकाचं वाक्य अडलं की दुसरा पुरं करायचा. मावशीची ताटं मांडायची खुडबुड चालली होती.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता बसा दोघं, आणि मला पहिल्यापासून परत समजावून सांगा."