गेअरच्या दांड्याखालचं ऊन

जीपच्या किल्लीवरून माझ्यात अन् माझ्या पोरात बोली झालती. तो म्हणे, बाबा, खांदा उचलत नाही तुमचा, गाडी सोडा, आता आराम करा. खांद्याचं तो खोटं बोलत नव्हता. डावा खांदा माझा धरलाच होता. जीपचा गेअरचा दांडा लांब. दुसरा गेअर टाकाचा म्हणजे दांडा पार पोटापर्यंत ओढा लागे अन् खांद्यातून कळ जाय. पण मी चौथी नापास माणूस, चाळीस वर्षं मलाजखंडले ठेकेदारांच्या गाड्या खदानीच्या उतारावर चालवल्या, एका गाडीले ओरखडा नाही. मले आराम कोण शिकवते? मी सांगतलं, ज्या दिवशी ही गाडी मले तरास देईल, त्या दिवशी किल्ली मीच तुह्या खुंटीले आणून टांगीन. तो लगेच हौ म्हणाला. इतक्या लवकर हौ म्हणणाऱ्याचा मले भरोसा वाटत नाही, मग तो आपला पोरगा का असेना.

खांदा काही बदलता येत नाही, म्हणून मी दांडा बदलला. वारासिवनीच्या रस्त्यावर गाड्यांचा एक मिस्त्री आहे. इकडचा नाही, जबलपूरकडचा, हिंदीच बोलते. त्यानं सांगतलं होतं की बाहेरच्या कंपनीचा आखूड दांडा वेगळा विकत भेटते, तो जरासा हालवला की गेअर पडते. मागवला, बसवला. खरंच, मनगटानं गेअर पडे, खांद्याले खबर नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी पोराच्या खिडकीसमोर जीप दोनदा मागंपुढं केली. काही काम नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायकोले घेऊन वारासिवनीच्या बाजाराले गेलो. वैनगंगेच्या पुलापर्यंत मजेत. पुढं डावा पाय भाजाले लागला. वैशाखाचे दिवस, मी म्हटलं असंन. पण बाजार येईपर्यंत दांड्याची लोखंडी मूठ इतकी तापली की गमछा गुंडाळून धरा लागली. दांड्याच्या बुडाशी चामड्याची नवी पिशवी होती, तिच्या फटीतून चुलीच्या तोंडासारखी झळ ये. बायकोनं विचारलं, गमछा काहून? मी म्हटलं, घाम येऊन राह्यला.

घरी येऊन पोतं टाकलं अन् जीपखाली घुसलो. सायलेन्सरचा पाइप दांड्याच्या बरोबर खालून जाते. पाइप अन् गाडीचा तळ यांच्यामध्ये आधी एक पत्रा होता, चार बोल्टांचा. तो गायब. दांड्याच्या भोकाले खालून जाड रबर होतं, तेही गायब. भोक उघडं अन् खाली तापलेला पाइप. मी तसाच पडून राह्यलो अन् विचार केला. मिस्त्री विसरला असं एकदा मनात आलं, पण चाळीस वर्षांत मी विसरणारे कमी अन् विसरल्यासारखं करणारे जास्त पाह्यले. तवा आठवलं. दांडा बसवाच्या दिवशी पोराची मोटरसायकल त्याच मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी होती. घरी त्यानं हे सांगतलं नव्हतं.

मग सगळं जुळलं. गाडीनं तरास द्यावा म्हणून पोरानं मिस्त्रीले सांगून पत्रा काढला. म्या तोंड उघडलं की किल्ली गेली. म्हणून मी तोंडच उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच मिस्त्रीकडं गेलो. गरम होते असं बोललो नाही, तेवढा मी हुशार. फक्त विचारलं, पत्रा किधर गया? तो एका ट्रकखाली पडला होता, नुसते पाय दिसत होते. तिथूनच म्हणाला की पत्रा नव्या दांड्याच्या बुडाले घासत होता म्हणून काढला, अन् जुनं रबर याले बसत नाही. आणि मग म्हणाला, "दादाजी, ऊन लगानी पड़ेगी. ऊन लगेगी, तभी आराम होगा."

आता आमच्या घरी गरमले ऊन म्हणतात. आंघोळीचं पाणी ऊन, भात ऊन, वरण ऊन. मले ऐकू आलं ते असं की या बुढ्याले ऊन लागलं पायजे, तवाच हा आराम करंन. अन् आराम हा शब्द तर माझ्या पोराचा. मिस्त्रीच्या तोंडी तो आला कुठून? मी त्याच्या पायांकडं पाह्यलं अन् निघालो. मागून तो काहीतरी ओरडत होता. मी ऐकलं नाही.

पुढचे आठ दिवस मी पोतं ओलं करून दांड्याभोवती गुंडाळलं अन् गाडी चालवली. घोट्याजवळ रुपयाएवढा फोड आला, तो पायजाम्याखाली झाकला. आठव्या दिवशी साळ्याच्या घरी जेवण होतं, खैरलांजीकडं. परत येताना शेतांमधल्या रस्त्यात बायको म्हणाली, "काहीतरी जळून राह्यलं." मी म्हटलं, कोणी धसकटं जाळत असंन. ती खाली वाकली. पोतं केव्हाच वाळलं होतं अन् त्याची एक कड बिडीसारखी लाल होऊन आत सरकत होती, तिच्या लुगड्यापासून वीतभर. तिनं पिण्याच्या पाण्याचा डबा त्यावर ओतला. मी गाडी उभी केली. तवा तिनं माझा पायजामाही वर केला.

"सांगता का पोराले, का मी सांगू?"

"तू सांगतलं त किल्ली गेली."

"अन् मी जळली असती त?"

पत्रा, मोटरसायकल, आराम, सगळं मी तिले तिथंच सांगतलं. ती म्हणाली, आधी मिस्त्रीकडं चला, आजच, अन् बोलाचं मी.

मिस्त्रीनं पोतं पाह्यलं, फोड पाह्यला अन् तिच्याकडं वळून तक्रार केली, "अम्मा, मैंने तो उसी दिन कहा था, ऊन लगानी पड़ेगी. ये सुने बिना चल दिए." आत गेला अन् प्लास्टिकच्या पन्नीतली एक पांढरी गुंडाळी घेऊन आला. "ये रही. काँच की ऊन. हाथ मत लगाना, खुजली होगी. आठ दिन से इनकी राह देख रही है."

बायकोनं गुंडाळीकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं अन् पदर तोंडाले लावून टायरवर बसली. हासता हासता तिले बोलता येईना. "अहो, लोकर. हिंदीतली ऊन. तुमच्या सुटरची."

मले काय हिंदी येत नाही? जन्म बालाघाटात, हिंदीच्या मुलखात गेला. पण वैशाखात कोणी सुटरचा विचार करते का? अन् कानानं जे आधीच धरून ठेवलं असते, तेच त्याले ऐकू येते.

मिस्त्रीनं पत्रा घासत होता तिथं कापला, वाकवून परत बसवला, पत्रा अन् तळ यांच्यामध्ये ती ताप अडवणारी काचेची लोकर भरली, भोकाले नवीन रबर. मी वाकून बोल्ट मोजले. चार. मग पुलापर्यंत जाऊन आलो. बायकोनं दांड्याशेजारी तळावर हात ठेवला अन् तसाच ठेवून राह्यली.

घरी ती सांगणारच होती, म्हणून जेवताना मीच पोराले सांगतलं. शेवटी म्हटलं, "म्हणजे तरास गाडीनं नाही देला, कानानं देला. बोली गाडीची होती. किल्ली माझ्यापाशीच राहीन."

मी विचारलं, त्या दिवशी तू मिस्त्रीकडं काहून गेलता? म्हणे, चेन ढिली झालती. सकाळी उठून मी चेन पाह्यली. घट्ट होती. आता ती मिस्त्रीनं घट्ट केली का कधी ढिलीच नव्हती, हे चेनीकडं पाहून सांगता येत नाही.

पण त्या जेवणात तो आणखी एक बोलला. "बाबा, मंग कान दाखवून देऊ. गोंदियाले चांगला डॉक्टर हाय."

मले तवाच समजलं. खांद्याचं निमित्त हातचं गेलं, आता त्यानं कान धरला. मी लगेच हौ म्हटलं. इतक्या लवकर हौ आल्यावर त्याले माझा भरोसा वाटला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

येत्या सोमवारी गोंदियाले जाऊन राह्यलो. जीप मीच चालवीन, तो बाजूले बसंन. अन् तो डॉक्टर हिंदीत बोलते का मराठीत, हे मी कान दाखवाच्या आधी विचारून घेईन.