अक्कांची तीन पानं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिंडीच्या कारखान्यात होतो. त्यांची मुलगी वसुधा एवढंच म्हणाली, "अम्मा सकाळी गेली." मैलापूरला त्यांच्या घरी पोचलो, पाया पडलो, पण चेहऱ्याकडे नीट पाहवलं नाही… का, ते आज लिहायला हवं.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मी साताऱ्याहून चेन्नईत नोकरीला आलो. मराठी चांगलं म्हणून इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका माझ्याकडे सोपवली गेली. अक्का त्याच मंडळातल्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली त्यांची बोली मला तेव्हा नुसती चुकांनी भरलेली वाटे. दिवंगत यजमानांविषयी त्यांनी तीन पानं लिहून आणली. आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलेलं.

"तुमी बघा. मज लिहिणं येत नाही."

"काळजी नको, अक्का. गद्य तेवढं शुद्ध करतो, शैली तुमचीच ठेवतो."

"दोन्ही वेगळं असतं काय?"

"गद्य म्हणजे मजकूर. शैली म्हणजे त्यावरचा साज," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी लिहिलं होतं : 'ते जेवले. ते हात धुतले. ते मज पाहिले. मग ते बोलले नाहीत.' मी केलं : 'भोजनोत्तर त्यांचे आकस्मिक निधन झाले.' आणि छापून झाल्यावर मूळ पानं टाकून दिली.

प्रकाशनाच्या दिवशी लेख मीच वाचला. टाळ्या पडल्या. अक्का जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बरं वाचलात. पण ते मज पाहिले… ते कुठे गेलं?" जागा कमी पडली, असं मी चक्क खोटं सांगितलं. "परवायिल्लै," त्या म्हणाल्या. असू दे. वर घरी नेऊन कॉफीही पाजली. पुढे दरवर्षी मी लेख मागत राहिलो. त्यांनी पुन्हा एक ओळही लिहिली नाही.

तेराव्यानंतर वसुधाने ती पानं मागितली. "शोधतो," मी म्हणालो. शोधण्यासारखं काही नव्हतंच. दोन दिवसांनी जाऊन खरं सांगितलं. तिने कोरा कागद पुढे सरकवला.

"आठवतं तेवढं लिहा. नीट करू नका."

अक्कांच्या टेबलाशी दुपारभर बसलो. तीन पानांतली जेमतेम नऊ वाक्यं निघाली. वसुधाने बोट ठेवून एकेक वाचलं. सातव्यापाशी बोट थांबलं… 'त्यांच्या जाण्याने घर सुने झाले.'

"हे अम्माचं नाही," ती म्हणाली. "हे तुमचं."

मी ते खोडलं.