बर्गंडीच्या खाली मोठी खार

"आंटी, याला शॅम्पेन नाही म्हणत."

सेक्रेटरी हे माइकवर बोलला. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दुपारी वाइन टेस्टिंग होतं. बाटली उघडली, फेस उसळला, आणि मी शेजारणीला सहज म्हटलं, "शॅम्पेन आहे वाटतं." तेवढं त्याने ऐकलं.

"ही नाशिकची. स्पार्कलिंग वाइन म्हणायचं. शॅम्पेन हा फ्रान्समधला प्रदेश आहे. तिथली द्राक्षं, तिथेच बनलेली, तीच शॅम्पेन. दुसऱ्या कुणी ते नाव लावायचं नाही." मग सगळ्यांकडे बघत, "चालायचंच. आंटी इथल्या गाववाल्या ना. त्यांच्यात एकच ब्रँड. गावठी!"

सगळे हसले. मीही हसले. मुलांनो, सर्वांत जास्त लाज मला त्याचीच वाटते. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी. आणि हातात ग्लास धरून स्वतःच्याच अपमानाला दात दाखवले.

ग्लास ठेवला आणि निघाले. आमच्या लॉबीत लिफ्टसमोर पितळी अक्षरांत टॉवरचं नाव आहे. रोज दिसतं. त्या दिवशी वाचलं. बर्गंडी. हाही फ्रान्समधलाच प्रदेश. तिथल्या वाइनला त्याचंच नाव, आणि त्या वाइनमुळे एका लाल रंगालाही. बिल्डरने लॉबीच्या भिंती त्या रंगात रंगवल्या आणि नाव उचललं.

म्हणजे नाशिकच्या बाटलीवर परक्या मातीचं नाव चालत नाही. माझ्या मातीवर चालतं.

या जागेला नाव होतं. मोठी खार. खाडीला बांध घालून, डोक्यावरून चिखल वाहून आपल्या माणसांनी इथे खारजमीन काढली, भात पिकवला. जमीन सरकारजमा होताना मोजणीदार आला, तेव्हा मी तिसरीत होते. माझी आई त्याला म्हणाली, "ही मोठी खार हाय. नीट लिव."

त्याने मान वर केली नाही. नुसता नंबर लिहिला. आईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, लिहिलं. मला वाचता येत होतं. मी गप्प राहिले.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. एक विषय, गेटवर नवा बोर्ड. मी उभी राहिले.

"सेक्रेटरी, तुम्हीच शिकवलंत. नाव त्या मातीचं असतं. या मातीचं नाव मोठी खार. बोर्डावर तेच हवं."

"आंटी, ते बाटलीचं होतं हो. इथे रिसेल व्हॅल्यूचा प्रश्न आहे. खार म्हटलं की मच्छीचा वास येतो."

पुन्हा हसले सगळे. मी हसले नाही.

"यायलाच पाहिजे. तुमची गाडी उभी राहते ना, तिथे बांधातली उघडी होती, पाण्याचं दार. भरतीचं पाणी आत-बाहेर जायचं. माझी आई तिथे कोळंबी धरायची. त्या कोळंबीवर माझी फी भरली जायची. फ्रान्सचा नकाशा मी तुमच्या आधी पाहिलाय."

मग मतदान झालं. माझ्या बाजूने दोन हात. एक माझा, एक शेजारणीचा. बोर्ड लागला. बर्गंडी.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीला नाव बदलण्याचा अर्ज लिहिला. मराठीत एक, इंग्रजीत एक. पोच घेतली, फाइल केली. दर सभेला तो विषय येणार. नाकारतील. पुढच्या सभेला पुन्हा येणार. बँकेत, आधारवर, विजेच्या बिलावर, जिथे जिथे पत्ता बदलता येतो तिथे मी मोठी खार घालायला लावते आहे. क्लार्क विचारतात, "हे कुठे आलं?" मी सांगते. स्पेलिंगसकट.

तुम्ही दिवाळीला पार्सल पाठवता. यंदा पत्त्यात मोठी खार लिहा. नुसतं बर्गंडी लिहिलेलं पार्सल मी दारातून परत पाठवीन. तुमचं असलं तरी.