मोहाखालच्या साड्या

मारोतराव चहा गाळायच्या आधीही सुरक्षेचं परमिट मागतील, असं आम्ही म्हणायचो. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर पस्तीस वर्षं मी त्यांच्याच शिफ्टला होतो. ते म्हणणं फारसं खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी बालोदच्या पुढे एका टोल्यात, म्हणजे छोट्या पाड्यात, वणवा लागला. सुरुवात बुधियारिन नावाच्या म्हातारीच्या मोहाच्या झाडाखाली झाली. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, ही तिकडची रीत. त्या दिवशी वारा फिरला. नऊ घरं गेली, तिचंही गेलं. गावानं ठरवलं, पुन्हा तिच्याकडून आग लागली तर तिच्या पाचही झाडांची फुलं दुसरा वेचेल. मोहफुलांवरच तिचं वर्षाचं तेल-मीठ. आणि न जाळता एवढी जमीन रोज झाडायला सत्तरीत कंबर कुठून आणायची?

इकडे कोहक्यातल्या आमच्या मदत मंडळाला पाझर फुटला. अध्यक्ष भय्याजी. भर एप्रिलात टेम्पो भरून कपडे गेले. कोट, लोकरीचे मोजे आणि नायलॉनच्या साड्यांचा डोंगर. मोजे बकरीनं खाल्ले. तेवढीच मदत कोणाच्या तरी पोटात गेली.

साड्या पडून राहिल्या. मंडळातर्फे आम्ही दोघं परत गेलो, तेव्हा मारोतराव बुधियारिनला म्हणाले, "या झाडाखाली अंथरू. फूल साडीवर पडन. पाला पेटवाची गरजच नाही."

"रुख ला लुगरा पहिराबे का?" झाडाला लुगडं नेसवणार का, असं ती विचारत होती. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

हिवाळाभर दर रविवारी आम्ही दाभण-सुतळी घेऊन तिथं साड्या जोडत बसलो. माझी एक शिवण मारोतरावांनी तीनदा उसवली.

"बोट जाऊन राह्यलं यातून. फूल नाही जाणार का?"

बुधियारिनची शिवण त्यांनी एकदाही उसवली नाही. ती माझ्यापेक्षा चांगली होती.

मार्चात फुलं पडू लागली. आठव्या दिवशी मंडळ बॅनर आणि फोटोवाला घेऊन हजर. भय्याजींच्या बायकोनं, नलूवहिनींनी, मोहाखाली पाहिलं आणि त्या थबकल्या.

"ही तर माझी साडी. मातीत टाकली?"

"तुम्ही देऊन टाकली होती नं," मी म्हणालो.

"नेसाले दिली होती."

भय्याजी मधे पडले. "मारोतराव, इथली उसवा थोडी. बायांना नेसवू, फोटो काढू. मंग शिवा परत."

"आज उसवली तं उद्या पहाटेचं फूल पाल्यात पडन. मंग बुढी काय करन, काडीच लावन नं?" मारोतरावांनी अंथरलेल्या साड्यांचा एक कोपरा दुमडला आणि खराटा पुढे केला. "उसवतो. पण या झाडाखालचं तुम्ही झाडा. आत्ता, आमच्यासमोर."

फोटोवाला उभाच होता, म्हणून भय्याजींनी खराटा घेतला. फोटो निघाला. मग खरंच झाडावं लागलं. मोहाचा पाला मोठा, वाऱ्यानं परत येतो. चतकोर जागा होईपर्यंत त्यांनी पाच वेळा पाठ सरळ केली.

"हे रोजचं?"

"रोज," मारोतराव म्हणाले. "आणि पाच झाडं."

भय्याजींनी खराटा खाली ठेवला. साडी उसवायची गोष्ट परत कोणी काढली नाही. नलूवहिनी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जुन्या चादरी देतो."

"चादर जड होते," मारोतराव म्हणाले. "तुम्हीच या झाडाले, आठ दिवस."

यावर टेम्पो लगेच सुरू झाला.

फुलं सरेपर्यंत तिथं काडी ओढली गेली नाही. पाचही झाडं बुधियारिनकडेच राहिली.