बोलता येईल इतक्याच वेगाने

माझ्या बाळांनो,

मागच्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. शाळेत धावून आल्यावर त्या घड्याळाने तिचा दमसास "सरासरीपेक्षा कमी" ठरवला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. थोरल्याने लगेच विचारलं, "आजी, आजोबांचा आकडा किती येईल?" आजोबा शेजारीच होते. ते नुसते हसले आणि चहाचा कप घेऊन आत गेले. मी काही सांगणार तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. म्हणून आज लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं इंग्रजी शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे मी. पण ज्या जिन्यावर हे सगळं घडलं तिथे माणसं मराठीत बोलत होती. आई वाचून दाखवेल.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी आजोबांना दुसऱ्या मजल्यावर दम लागू लागला. आधी ते चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने थांबत, मग निमित्तही शोधेनासे झाले. गेल्या वर्षी पावसाळा सरताना हे तुमच्या बाबाच्या कानावर गेलं आणि त्याने तिकडून वाकडला एक लिफ्टवाली जागा शोधली. सातवा मजला, खाली बाग, सगळं चकचकीत.

आजोबांनी फोनवर सांगितलं, "मला जानेवारीपर्यंत वेळ दे. तू येशील तेव्हा तुझ्यासमोर न थांबता जिना चढून दाखवतो. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येतो."

बाबा म्हणाला, "ठरलं. आई साक्षीदार."

मला कोणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या लिफ्टवाल्या जागेची जाहिरात मी दोनदा उघडून पाहिली होती.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आजोबांनी खिशातून ऑक्सिमीटर काढला. करोनाच्या साथीत घराघरात एक आला, तसा आमच्याकडेही आला होता. बोटाला लावून त्यांनी आकडा दाखवला. "सत्त्याण्णव. रोज बघतो. ऑक्सिजन भरपूर आहे, मग दम का लागतो?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालायला लावलं, हृदय तपासलं, रक्त तपासलं. मग म्हणाल्या, "काका, हे यंत्र एवढंच सांगतं की माल गाडीत नीट भरला आहे. मुक्कामावर उतरवून घ्यायला माणसं किती आहेत, ते त्याला दिसत नाही."

आजोबांची सगळी नोकरी भट्टीवर गेली. आधी पिंपरीत, मग कंपनी चाकणला गेली तेव्हा तिथे. लोखंड तापवायच्या गॅसच्या भट्ट्या. त्यामुळे त्यांना लगेच कळलं. "म्हणजे ब्लोअर ठीक आहे, बर्नर चोंदलेत."

"चोंदले नाहीत हो, कमी झालेत. वापरले नाहीत की शरीर ते काढून टाकतं. उगाच कशाला सांभाळायचे?"

"परत बसवता येतात?"

"येतात. पण ओव्हरटाइम करून नाही. रोज अर्धा तास चालायचं, आणि बोलता येईल इतक्याच वेगाने. वाक्य पुरं करता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं तर फारच हळू चालताय."

मी वर्गात हेच शिकवत आले होते, फळ्यावर रंगीत खडूने. श्वास आत येतो, रक्त प्राणवायू उचलतं, हृदय ते रक्त ढकलतं, स्नायू तो प्राणवायू घेतात आणि त्यावर अन्न जाळून काम करतात. जिना चढताना मांड्यांची मागणी कितीतरी पटीने वाढते. पुरवठा कमी पडला की स्नायू थोडा वेळ प्राणवायूवाचून भागवतात, पण ते काटकसरीचं काम नव्हे, आणि मग छाती भात्यासारखी चालू लागते. सराव केला तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवतं, स्नायूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांची नवी जाळी तयार होते आणि पेशींमध्ये अन्न जाळणारे आजोबांचे ते बर्नरही वाढतात. दोष फुप्फुसांचा असेलच असं नाही, हे मी हजार मुलांना सांगितलं असेल. घरात मात्र मी त्यांना रोज "खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या" म्हणत होते. आजोबांचा दमसासाचा आकडा कधी कोणी मोजला नाही, आणि धाकटे, तुझा आकडा म्हणजे आजची तुझी सवय आहे, तू नाहीस.

तर आम्ही सकाळी चालायला लागलो. यात एक अडचण होती, ती तुम्हाला गमतीची वाटेल. आजोबा लग्नापासून माझ्या दहा पावलं पुढे चालत आले होते. पहाटेची कंपनीची बस चुकू नये म्हणून लागलेली सवय; देवळात जातानाही बस पकडायला निघाल्यासारखे. आता बोलत चालायचं म्हणजे शेजारी चालणं आलं. पहिल्या दिवशी चौकापर्यंत कोणीच काही बोललं नाही.

"अहो, बोला ना काहीतरी. त्याशिवाय वेग कसा कळणार?"

"काय बोलू?"

"काहीही."

बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "आज भाजी कुठली?"

"दोडका."

"बरं." आणि पुन्हा गप्प. मग मीच भट्टीचं विचारलं, आणि ते सुरू झाले. लोखंड कुठल्या रंगाला आलं की काढायचं. हवा कमी पडली तर ज्वाळा कशी पिवळी, आळशी होते. रात्रपाळीत भट्टीच्या दाराशी बटाटे कसे भाजायचे, आणि साहेब आले तर ते कुठे लपवायचे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बटाट्यांचं मला ठाऊक नव्हतं.

घरी मी एक तक्ता केला. पट्टीने आखला आणि फ्रिजवर लावला: तारीख, मिनिटं, जिना. गुरुवार कोरा, कारण आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आणि निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी आजोबांचा आठवडा तसाच चालतो. शेवटी मी एक रकाना जास्तीचा आखला, "राहिलेलं". कोरा कागद मला बघवत नाही. ती माझी चूक.

ऑक्टोबरात आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो, तिथून सर्दी घेऊन आलो, आणि "राहिलेलं"मध्ये आठ दिवस जमले. एकतीस तारखेला मी बँकेत गेले होते. परतले तर तळमजल्यावरची शेजारीण दारातच उभी. ती लातूरकडची, तिचा नवरा भोसरीच्या कारखान्यात प्रेसवर काम करतो.

"काकू, काकांचं काय हरवलंय का ओ? सकाळपासून जिना चढायलेत अन् उतरायलेत. ह्यांनी विचारलं, काका, आज डिस्पॅच हाय का? तर म्हणले, महिनाअखेर हाय."

मला लख्ख कळलं. महिनाभर माल अडला की एकतीस तारखेला रात्रंदिवस राबून सगळा बाहेर काढायचा, ही कंपनीची रीत. माझ्या रकान्यातले आठ जिने ते एका सकाळी बाहेर काढत होते.

ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले होते. कठडा घट्ट धरलेला, ओठ पांढरे, कपाळावरून घाम.

"अहो!"

बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटं वर केली. सहा.

शेजारणीच्या नवऱ्याने रिक्षा आणली. दवाखान्यात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई रागावल्या. "काका, नवे बर्नर झोपेत बसवले जातात, विश्रांतीत बसवले जातात. आठ दिवसांचं जेवण एका दिवशी जेवता का?"

घरी येताना आजोबा रिक्षात म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं. लपवलं असतं तर तो करार कसला?

बाबाचा आवाज बदलला. "आई, मी आजच त्या जागेचं पक्कं करतो. पुरे झालं."

आजोबा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. मला पहिल्यांदा वाटलं की ते खरंच हरतील. वाकडला माझ्या गुडघ्यांना सुख झालं असतं. पण हा माणूस पुन्हा दहा पावलं पुढे जाईल, किंवा सातव्या मजल्यावर नुसता बसून राहील, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "जानेवारीचा शब्द दिला आहेस. तक्ता मी आखला होता, चूक माझीही आहे. जानेवारीपर्यंत थांब."

तो म्हणाला, "ठीक आहे. पण तक्ता काढून टाक."

तक्ता मी त्याच दिवशी फाडला. नोव्हेंबर, डिसेंबर आम्ही नुसते चाललो. बटाटे संपले, मग त्यांच्या आईच्या गोष्टी निघाल्या, मग माझ्या शाळेतल्या. एखादा दिवस चुकला तर चुकला.

बाबा जानेवारीत दहा दिवस आला ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्याच सकाळी आम्ही तिघं चालून आलो आणि जिन्याशी उभे राहिलो. आजोबा बोलतच चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा वाक्य चालूच होतं.

"बाबा, तुम्ही थांबलाच नाहीत!" तुमचा बाबा आजोबांना म्हणाला.

"थांबलो. दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या दारावरचं नवं तोरण बघितलं ना, ते थांबणंच होतं. हरलो मी."

बाबा बूट काढत बसला होता. त्याने मान वर केली. "आई, तुझं काय म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "मला एक थांबा चालतो. मीही तिथेच थांबते."

तो हसू लागला, मग आजोबाही. वाकडच्या माणसाला त्याने तिथूनच फोन करून नाही सांगितलं.

आता पुन्हा पावसाळा सरत आला आहे. आजोबा चोपन्न पायऱ्या एक थांबा घेऊन चढतात, मी दोन. सकाळी आम्ही शेजारी शेजारी चालतो, आणि राहतो अजून तिसऱ्या मजल्यावरच.