किलबिलमधला डॉक्टर

श्रावणभाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या खडखडत्या पट्ट्यावर होते. रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आवाज मात्र पट्ट्यावरचाच राहिला. बाजूच्या माणसाशी बोलले तरी पलीकडच्या चौकातली कुत्री उठायची. त्या आवाजाला आता एकच काम उरलं होतं, पोराचे पेपर सांगणं.

पोरगा राजदीप हैदराबादला कॅन्सरच्या जीन थेरपीवर संशोधन करायचा. पेपर छापून आला की बापाच्या मोबाइलवर पाठवायचा. भाऊ पहिल्या पानाची प्रिंट काढत, लॅमिनेशन करत आणि विक्कीच्या पानठेल्यावर हजर होत. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, मान वर, थुंकी सांभाळत, कंडक्टर राजुरा-गडचांदूर-कोरपना ओरडतो त्या चालीवर सुरू: "जीन थेरपीऽ! ओरल कॅन्सरऽ! आडिनो व्हायरसऽ!"

"म्हंजे काय भाऊ?" विक्की प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत विचारायचा.

"म्हंजे तू बिनधास्त घोट. कोणाले झालाच तं माह्या पोट्ट्याची सुई हाये."

एकदा विक्कीने ते लॅमिनेशन हातात घेऊन नीट पाहिलं. "बाप्पा! इथी तं नावाईची जत्रा हाये. तुमचं पोट्टं कुठी?"

भाऊंनी गर्दीच्या मधोमध बोट टेकवलं.

"हे तं लग्नपत्रिकेवानी झालं! मोठे लोकं वरतं अन् खालतं, अन् मधात किलबिल. 'आमच्या मामाच्या लग्नाले यायचं हं' म्हणणारे लेकरं! तुमचा डॉक्टर किलबिलमधी हाये भाऊ!"

ठेला खिदळला. भाऊही हसले. "पत्रिकेत नाव हाये ना बे? मंग घरचाच माणूस झाला."

त्याच साली भाऊंच्या हिरडीला फोड आला. बायको सुगंधाबाईंनी ओढत चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, पण लहान आहे. आत्ताच ऑपरेशन केलं तर थोडक्यात भागेल."

भाऊंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचे पेपर किती हायेत?"

भाऊ उठले. "माह्या पोट्ट्याचे भिंतभर हायेत."

राजदीप फोनवर म्हणाला, "बाबा, ऑपरेशन करून टाका."

"अन् तुही सुई?"

"ते... पुढं पाहू."

पुढं पाहू म्हणजे आणतो, असं भाऊंनी धरलं आणि वाट पाहत राहिले. राजदीप सुट्टीवर आला तेव्हा फोडाची गाठ झाली होती, तोंडात बोट जात नव्हतं. तरी भाऊंनी त्याला आधी ठेल्यावर नेलं. दात न उघडता म्हणाले, "दाखव याईले, सुई."

राजदीप विक्कीच्या बरण्यांकडे पाहत राहिला. "बाबा, ते उंदराले देलं होतं."

"मंग? गाठ गेली ना त्याईची?"

"लहान झाली."

"बस! मंग वाचले."

"नाई. मारले. गाठ काढून मोजाले मारावंच लागते."

विक्कीचा घोटता हात थांबला.

"पयले काऊन नाई सांगतलं?" भाऊंनी दातांतूनच विचारलं.

"तुम्ही इथी एवढं सांगत होते... मले लाज वाटे."

जबडा अर्धा गेला, सोबत जिभेचा तुकडाही. ऑपरेशनच्या आधी राजदीपने बापाची सही घेतली होती, गाठीचा एक तुकडा आमच्या लॅबला देऊ म्हणून. भाऊंनी हौसेनं केली. पोराच्या कामाला येतो आपण!

आता ठेल्यावर भाऊ बोलतात. "ई एयई! ओअय ऐअय!" विक्की हुबेहूब नक्कल काढतो, मान वर, लाळ पुसत. गिऱ्हाईक हसून वाकडं होतं आणि खर्रा घेऊन जातं.

परवा मोबाइलवर नवा पेपर आला. राजदीपचं नाव पहिलं! भाऊंनी लॅमिनेशन केलं, ठेल्यावर आणलं आणि पोराला व्हिडिओ कॉल लावला. पानावर बोट फिरवून मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. मी कुठी?

"आत हाये बाबा. 'पुरुष, वय त्रेसष्ट, खर्रा खाण्याची सवय.' पेशंटचं नाव टाकत नाईत, नियम हाये."

विक्कीने मोबाइलमध्ये डोकं घातलं. "किलबिलमधी बी नाई?"

भाऊंनी तोंड उघडलं. लाळ पानावर पडली. लॅमिनेशन होतं म्हणून पुसली गेली.